ब्रेक ‘अचानक’ फेल होतात का? गाडीखालच्या एका बारीक पाईपाची गोष्ट

अपघाताच्या बातमीत एक वाक्य ठरलेलं असतं: ‘ब्रेक फेल झाल्याने चालकाचे गाडीवरील नियंत्रण सुटले.’ वाचणारा हळहळतो आणि पुढच्या बातमीकडे वळतो. फेल झाले म्हणजे नेमकं काय झालं, हे त्या बातमीत कधीच नसतं. घरातली वीज जावी तसे ब्रेक क्षणात जातात, अशी आपली समजूत होऊन बसते.

कधी ब्रेक तापून ढिले पडलेले असतात, कधी पॅड घासून संपलेले असतात आणि कधी चालकाचीच चूक ब्रेकच्या नावावर खपते. मोठे ट्रक आणि बस यांचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, त्यांचं गणित वेगळं. ते इथे घेत नाही. इथे बोलायचं आहे कारबद्दल आणि कारमधल्या अशा एका भागाबद्दल, जो बहुतेक मालकांनी जन्मात पाहिलेला नसतो. तो म्हणजे ब्रेकचा पाईप.

मीही पाहिला नव्हता. सायलेन्सर खडखडतोय म्हणून माझी जुनी गाडी वर चढवली होती. मेकॅनिक खालून टॉर्च मारत होता, मी उगाच शेजारी उभा. मागच्या ॲक्सलच्या थोडं अलीकडे, पेन्सिलीपेक्षा बारीक असा एक पाईप प्लास्टिकच्या क्लिपमध्ये अडकवलेला होता आणि क्लिपभोवती सुकलेल्या चिखलाचा गोळा होता. मेकॅनिकने स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने तो हळूच खरवडला. मातीबरोबर गंजाचा एक पापुद्रा सुटून खाली पडला. त्याखालचा पाईप ओला दिसत होता. त्याने त्यावरून बोट फिरवलं आणि माझ्यापुढे धरलं. ‘साहेब, पाणी नाही हे. चोळून बघा.’ बुळबुळीत होतं. आदल्याच दिवशी त्या गाडीतून घरच्यांना घेऊन मी दोनशे किलोमीटर आलो होतो आणि ब्रेकचं पेडल अगदी नेहमीसारखं लागत होतं.

तेव्हापासून ‘अचानक’ हा शब्द मला खटकतो. त्या पाईपाला तिथवर यायला काही वर्षं लागली होती. फक्त तिकडे कुणी पाहिलं नव्हतं.

पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो कसा

सायकलचा ब्रेक समजायला सोपा. तुम्ही दांडी दाबता, तार ओढली जाते, रबर चाकाला लागतं. सुरुवातीच्या मोटारींमध्येही असंच दांड्या आणि तारांचं जाळं असायचं. चारही चाकांवर सारखा जोर यावा म्हणून त्या तारा सतत जुळवत बसावं लागे. तारांऐवजी द्रव वापरण्याची कल्पना अमेरिकेत माल्कम लॉकहीड याने प्रत्यक्षात आणली आणि १९२१ च्या सुमारास ड्यूसेनबर्ग कंपनीच्या मॉडेल ए गाडीत असे ब्रेक चारही चाकांना बसले. आज कारमध्ये तीच पद्धत आहे.

दोन सिरिंज घ्या, सुया काढून टाका, दोघींची तोंडं एका बारीक नळीने जोडा आणि सगळं पाण्याने भरा. एकीचा दट्ट्या दाबला की दुसरीचा बाहेर येतो. पाणी दाबून लहान होत नाही, त्यामुळे दिलेला जोर वाटेत हरवत नाही. दुसरी सिरिंज जाड असेल तर तिचा दट्ट्या कमी सरकतो, पण जास्त जोराने. सतराव्या शतकात पास्कलने सांगितलेला नियम तो हाच. गाडीत पहिल्या सिरिंजचं नाव मास्टर सिलिंडर. दुसरी सिरिंज चाकाजवळ असते. डिस्क ब्रेकमध्ये तिला कॅलिपर म्हणतात. तिचा दट्ट्या पॅड चाकाच्या चकतीवर दाबतो. आणि मधली नळी म्हणजे आपला ब्रेक पाईप.

आकडे टाकून पाहू. समजा तुम्ही पेडल ३० किलोच्या जोराने दाबलं. पेडल ही एक तरफ आहे. तिने जोर चौपट केला असं धरलं तर १२० किलो झाले. मास्टर सिलिंडरचा दट्ट्या २ सेंटिमीटर व्यासाचा असेल तर त्याचं क्षेत्रफळ ३.१४ चौरस सेंटिमीटर. म्हणजे पाईपात दर चौरस सेंटिमीटरला साधारण ३८ किलो दाब. टायरमध्ये आपण याच मापात सव्वादोन-अडीच किलोच्या आसपास हवा भरतो. तिच्या पंधरा-सोळा पट दाब त्या पेन्सिलीहून बारीक नळीत, तोही पायाचा जोर वाढवणारा बूस्टर हिशेबात न धरता. बूस्टर धरून आणि घाबरून करकचून दाबलेला ब्रेक धरून हा आकडा शंभराच्या पुढे सहज जातो.

याची दुसरी बाजू फारशी कुणी सांगत नाही. जोर प्रचंड असतो, पण त्यासाठी हलणारा द्रव अगदी थोडा. पेडल तळापर्यंत दाबलं तरी मास्टर सिलिंडर ढकलतो तो काही मिलिलीटरच. त्यामुळे पाईपातून चमचाभर द्रव बाहेर गेला किंवा आत चमचाभर हवा शिरली, की पेडलची सगळी धाव त्यातच संपते. हवा दाबली जाते, आकसते. तुमचा पाय खाली जातो आणि चाकापर्यंत काहीच पोचत नाही. पेडल स्पंजासारखं लागतं असं मेकॅनिक म्हणतात ते यामुळे.

पाईप दोन जातींचे, आणि दोघांचं दुखणं उलटं

मास्टर सिलिंडरपासून गाडीच्या पोटाखालून चाकांच्या जवळपर्यंत जातो तो पोलादी पाईप. तो जागचा हलत नाही, बॉडीला क्लिपांनी धरलेला असतो. पण चाक तर वर-खाली होतं आणि पुढचं चाक वळतंही. म्हणून शेवटच्या वीतभर अंतरासाठी रबरी पाईप लावतात, ज्याला गॅरेजमध्ये होज पाईप किंवा नुसतं होज म्हणतात.

पोलादी पाईप बाहेरून मरतो. बऱ्याच गाड्यांत त्याचा बाहेरचा व्यास ४.७५ मिलिमीटर असतो आणि भिंतीची जाडी एक मिलिमीटरही नसते. तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी पट्टी दोन वेढे गुंडाळून, भट्टीत जोडून हा पाईप बनवतात. वरून जस्ताचा आणि अनेकदा प्लास्टिकचा थर असतो. दगडाने हा थर एका जागी उडाला की पाणी आत शिरतं आणि थराच्या खाली खाली सरकत जातं. वरून थर शाबूत दिसतो, फक्त जरा फुगलेला. आत खड्डे पडत असतात. समुद्राकाठची खारी हवा याला पोषक, आणि ज्या देशांत बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात तिथे तर विचारूच नका. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २०१५ मध्ये २००७ आणि त्याआधीच्या मॉडेलच्या गाड्यांच्या मालकांना खास सूचना काढली होती: थंड प्रदेशात असाल तर गाडीचं पोट धुऊन घ्या आणि ब्रेकचे पाईप तपासून घ्या. एखाद्या कंपनीच्या एखाद्या मॉडेलपुरती ती सूचना नव्हती. गाडी म्हातारी होणं एवढंच तिथे कारण होतं.

सगळा पाईप सारखा गंजत नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. मोकळ्या हवेतला भाग वाळतो. गंज धरतो तो क्लिपखाली, पेट्रोलच्या टाकीच्या वर, मागच्या ॲक्सलवर, जिथे ओली माती अडकून राहते. नेमक्या त्या जागा दिसत नाहीत.

होजचं उलट. त्याच्यात रबराच्या थरांमध्ये धाग्यांची विणलेली जाळी असते. फुगू न देण्याचं काम ती करते. बाहेरून बारीक भेगा पडतात त्या दिसतात तरी. पण कधी कधी आतला थर सुटतो आणि आतली वाट जवळजवळ बंद होते. मग एक विचित्र प्रकार घडतो. पायाचा जोर एवढा मोठा, की द्रव त्या अडथळ्यातून पुढे जातो आणि ब्रेक लागतो. पाय काढल्यावर मात्र त्याला परत ढकलायला तेवढा जोर नसतो, त्यामुळे तो अडकून राहतो आणि ते चाक घासत राहतं. गाडी एका बाजूला ओढते, चाकाची रिम हात लावू देत नाही इतकी तापते. अशा वेळी बहुतेक लोक कॅलिपर बदलतात. कॅलिपरचा दोष असतोही अनेकदा. पण बदलून पुन्हा तेच झालं, तर संशयित शेजारीच लटकत असतो.

ब्रेक ऑइल हे तेल नाही

बोलताना आपण ब्रेक ऑइल म्हणतो, मीही म्हणणार. पण कारमध्ये वापरतात तो द्रव सहसा ग्लायकॉलच्या जातीचा असतो, खनिज तेलाच्या नव्हे. हा भेद शब्दांचा नाही. कुणी हाताशी आहे म्हणून इंजिन ऑइल त्या टाकीत ओतलं, तर आतली सगळी रबरी सीलं फुगून निकामी होतात आणि मास्टर सिलिंडरपासून होजपर्यंत सगळं बदलायची पाळी येते.

या द्रवाची खोड अशी की तो हवेतला ओलावा ओढून घेतो. डब्यावर डॉट ३, डॉट ४ असं लिहिलेलं असतं, ती त्याची प्रत. ताजं डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की हेच आकडे १४० आणि १५५ वर येतात. लांब उतारावर ब्रेक तापले की कॅलिपरजवळचं जुनं ऑइल उकळू शकतं. उकळलं की वाफ. आणि वाफ म्हणजे पुन्हा तीच दाबली जाणारी हवा. वर, मुरलेलं पाणी धातूच्या भागांना आतून गंज चढवतं. दोन वर्षांनी ऑइल बदला असं बऱ्याच कंपन्या सांगतात ते यासाठी. डॉट ५ हे मात्र सिलिकॉनचं, वेगळं प्रकरण आहे. नावावर जाऊन ते आपल्या ग्लायकॉलच्या ऑइलात मिसळू नका. डॉट ५.१ हे नाव त्याच्या शेजारचं वाटत असलं तरी ते ग्लायकॉलचंच. असं गोंधळाचं नामकरण कुणाच्या डोक्यातून निघालं कोण जाणे.

तपासायचं कसं

बॉनेट उघडा. ड्रायव्हरच्या समोर, मागच्या भिंतीला लागून एक लहानशी अर्धपारदर्शक टाकी असते. तिच्यावर दोन रेघा असतात. पातळी त्यांच्यामध्ये हवी.

पातळी खाली गेली असेल तर काय? इथे बरीच चांगली माणसं एक चूक करतात: वरून ऑइल घालून मोकळी होतात. पॅड घासले की कॅलिपरचे दट्टे थोडे पुढे येऊन राहतात आणि तेवढं ऑइल टाकीतून खाली जातं, म्हणून काही महिन्यांत हळूहळू उतरणारी पातळी हा गळतीचा पुरावा नाही. नवे पॅड लागले की ती आपोआप वर येते. पण पॅड जाड असताना पातळी उतरत असेल किंवा आठवड्या-दोन आठवड्यांत फरक दिसत असेल, तर ऑइल कुठेतरी चाललंय. वरून भरलं की तो पुरावाच पुसला जातो. मी टाकीवर मार्करने एक बारीक रेघ मारून ठेवतो, शेजारी तारीख. डॅशबोर्डवरचा ब्रेकचा लाल दिवा पातळी बरीच खाली गेल्यावर लागतो. त्याच्या भरवशावर बसण्यात अर्थ नाही.

मग पेडल. इंजिन बंद ठेवून पाच-सहा वेळा दाबा म्हणजे बूस्टरमधला साठा संपेल आणि पेडल घट्ट लागेल. आता तसंच दाबून अर्धा मिनिट धरा. हळूहळू खाली सरकत असेल तर कुठेतरी दाब निसटतोय: बाहेर, पाईपातून, किंवा मास्टर सिलिंडरच्या आतल्या घासलेल्या सीलमधून. पाय तसाच ठेवून इंजिन सुरू केलं की पेडल थोडं खाली जातं, त्याला घाबरू नका. बूस्टर कामाला लागल्याची ती खूण आहे.

गाडीखाली जायचं असेल तर एक गोष्ट आधी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालू नका, ‘एकच मिनिट’ सुद्धा. जॅक घसरतो. सपाट जमीन, चाकांना अडण, खाली पक्के स्टँड, आणि मग शिरा. गॅरेजात लिफ्टवर चढवलेली गाडी मिळाली तर त्याहून उत्तम. कुठल्याही दुसऱ्या कामासाठी गाडी वर गेली असेल तेव्हा पाच मिनिटं मागून घ्यायला लाजू नका.

खाली काय बघायचं? पाईपाच्या पूर्ण लांबीवर टॉर्च फिरवायचा आणि क्लिप दिसली की थांबायचं. माती ब्रशने झाडायची. नुसता तांबूस रंग आला असेल तर तेवढ्याने पाईप बाद होत नाही. कापडाने पुसा. रंग निघाला आणि खाली पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर तो वरवरचा गंज. नखाला खड्डे लागत असतील, पापुद्रे सुटत असतील किंवा प्लास्टिकचा थर फोडासारखा फुगला असेल, तर तो पाईप गेला म्हणून समजा. मात्र तारेच्या ब्रशने जोरात घासून बघण्याचा उत्साह नको. मरायला टेकलेला पाईप तिथेच फुटायचा आणि गाडी मग टो करूनच न्यावी लागायची.

होज तपासताना तो हाताने हलका वाकवा. वाकवल्यावरच भेगा उघडतात, सरळ असताना त्या मिटून बसतात. कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगून होजकडे बघा. कुठे फुगा येत असेल तर तो होज त्याच दिवशी बदलायचा. टायर घासल्याचा चकचकीत पट्टा दिसतोय का तेही बघा. टायरच्या आतल्या बाजूला ओलसर ओघळ दिसला तर बोटाला लावून चोळा. एसीचं पाणी चोळल्यावर पाण्यासारखंच लागतं. इंजिनचं ऑइल काळं आणि जाड असतं. ब्रेक ऑइल पातळ, बुळबुळीत, फिकट पिवळं ते तपकिरी असतं. रंगावर पडलं तर रंग खातं, म्हणून हात लगेच धुवा आणि बॉडीवर पाणी ओता.

‘पण आता दोन सर्किट असतात ना?’

असतात. मास्टर सिलिंडरमध्ये एकामागे एक दोन कप्पे असतात आणि प्रत्येक कप्पा दोन चाकं सांभाळतो. अनेक गाड्यांत ती चाकं तिरकी वाटलेली असतात, म्हणजे पुढचं डावं आणि मागचं उजवं अशी. एक पाईप फुटला तरी दोन चाकांचा ब्रेक शिल्लक राहतो. ही सोय फार मोलाची आहे, तिने असंख्य जीव वाचवले असणार.

तरी त्यावर विसंबून राहावं असं मला वाटत नाही. फुटलेल्या बाजूचा दट्ट्या आधी रिकामा पुढे जातो, मग उरलेली बाजू काम करू लागते. म्हणजे पेडल एकदम खोल जातं, तेही नेमकं तुम्ही घाबरून करकचून दाबलं त्या क्षणी, कारण पाईपावर सगळ्यात जास्त ताण तेव्हाच येतो. गाडी थांबायला अंतर बरंच जास्त लागतं. आणि उरलेल्या सर्किटचा पाईप त्याच दिवशी, त्याच कारखान्यात बसवलेला असतो. त्यानेही तेवढेच पावसाळे खाल्लेले असतात.

एबीएसचं म्हणाल तर ते चाक अडकू न देण्यासाठी दाब कमी-जास्त करतं. पाईपात दाबच नसेल तर ते तरी काय करणार? हँडब्रेक तारेचा असेल तर तो वेगळ्या वाटेने चालतो, पण बहुधा मागच्याच चाकांवर. ब्रेक लावताना गाडीचं वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात. हँडब्रेकने गाडी थांबते, पण तुम्हाला हवी त्या अंतरात नाही.

‘माझी गाडी फार चाललेलीच नाही’

गंजाला किलोमीटर मोजता येत नाहीत. रबरालाही नाही. उलट, ओल्या जमिनीवर किंवा गवतावर महिनोन्महिने उभी असलेली गाडी रोज पळणाऱ्या गाडीपेक्षा खालून वाईट असू शकते. ऑइल तर उभ्या गाडीतही ओलावा पितच असतं. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनाही हेच लागू. मोटर वेग कमी करते म्हणून पॅड कमी घासतात खरे, पण खालचे पाईप, होज आणि ऑइल यांचं वय इतरांसारखंच वाढतं.

‘गंजला तेवढाच तुकडा कापून जोडला तर?’

ही सूचना हमखास येते, कधी मालकाकडून, कधी काम लवकर उरकू पाहणाऱ्या मेकॅनिककडून. पाण्याच्या नळाला जसा रिंग दाबून बसणारा सांधा लावतात तसा इथे लावणं हा सरळ धोका आहे. तो सांधा शेकडो किलोंच्या झटक्यांसाठी केलेलाच नसतो. पाण्याच्या नळाचा दुसरा संस्कार म्हणजे टेफ्लॉन टेप. तीही इथे नको. ब्रेकच्या जोडात गळती आट्यांवर अडत नाही. पाईपाचं मुडपून रुंद केलेलं तोंड समोरच्या खोबणीत दाबून बसतं आणि तिथे अडते. टेपचा तुकडा सुटून आत गेला तर एबीएसच्या बारीक वाटांमध्ये अडकायचा.

हे तोंड मुडपण्याला फ्लेअर म्हणतात. मुख्य प्रकार दोन: एकात तोंड नरसाळ्यासारखं उघडून कड परत आत दुमडतात, दुसऱ्यात ते छत्रीच्या आकाराचं फुगवतात. लांबून सारखेच वाटतात, पण एकाच्या जागी दुसरा बसत नाही. कितीही आवळला तरी झिरपतच राहतो. एकेरी, न दुमडलेलं नरसाळं तर ब्रेकला चालतच नाही, कड चिरते.

मधला खराब भाग काढून, दोन्ही टोकांना नीट फ्लेअर करून, ब्रेकसाठीच्या जोडाने नवा तुकडा बसवला तर ते काम पक्कं होऊ शकतं. पण खरं सांगायचं तर ज्या पाईपाचा एक भाग कुजला, त्याचा दुसरा भाग रांगेतच असतो. तसंच होजचं. एका बाजूचा गेला तर त्याच ॲक्सलवरचा जोडीदारही बदलावा.

बदलताना घोडं कुठे अडतं

काम ऐकायला सोपं आहे: दोन नट सोडा, जुना पाईप काढा, नवा लावा. अडतं ते पहिल्याच नटावर. नट पाईपावर गंजून चिकटलेला असतो आणि त्याच्या कडा मऊ. साध्या फिक्स पान्याने जोर लावला की पाना घसरतो, नट गोल होतो. मीही एकदा असाच नट गोल करून बसलो होतो आणि मग ज्या होजला हात लावायचा नव्हता तोही कापावा लागला. यासाठी खास पाना मिळतो, रिंग पान्यासारखा पण पाईप आत घालण्यापुरती फट असलेला. आदल्या रात्री जोडावर गंज सोडवणारं तेल मारून ठेवावं. होजच्या जोडावर दोन पाने लागतात, एक होज धरायला आणि एक नट फिरवायला. नाहीतर नटाबरोबर होजही पिळला जातो.

नवा पाईप कशाचा घ्यायचा? कंपनीचा वाकवून तयार मिळणारा पोलादी पाईप सगळ्यात बिनधोक. तांबे-निकेल मिश्रधातूचा पाईप हाताने सहज वाकतो आणि गंजत नाही. व्होल्वो कंपनीने तो १९७० च्या दशकात वापरायला सुरुवात केली. शुद्ध तांब्याचा, एसीच्या कामात असतो तसला पाईप मात्र घेऊ नये. कंप सोसून सोसून तो कडक होतो आणि चिरतो. वाकवताना पाईप चेपला जाऊ नये म्हणून वाकवण्याचं छोटं यंत्र वापरावं. पाईप जुन्याच वाटेने न्यावा, सगळ्या क्लिपा परत बसवाव्यात, सायलेन्सरपासून लांब. आणि फ्लेअर करण्याआधी नट पाईपात ओवायला विसरू नका. हसू नका, प्रत्येकजण एकदा विसरतो.

होज बसवताना त्याच्यावर लांबीच्या दिशेने एक रेघ असेल तर ती सरळ राहिली पाहिजे. रेघ फिरली म्हणजे होज पिळला गेला. होज कॅलिपरला धरणाऱ्या बोल्टावरचे तांब्याचे वायसर नवेच घालायचे, कारण ते दाबून बसण्यासाठीच मऊ केलेले असतात. बसवून झालं की स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहा. होज कुठे ताणला जातो का, टायरला लागतो का? कॅलिपर काढून ठेवायचा असेल तर तो तारेने बांधून ठेवा. होजवर लटकवला तर आतली जाळी तुटते आणि बाहेरून काही कळतही नाही.

मग हवा काढणे. प्रत्येक चाकाजवळ एक छोटं निप्पल असतं. त्यावर पारदर्शक नळी लावून दुसरं टोक थोडं ऑइल असलेल्या बाटलीत बुडवतात. एकजण आत बसतो, एकजण खाली. ‘दाब.’ निप्पल उघडतं, बुडबुडे येतात. ‘धरून ठेव.’ निप्पल बंद. ‘सोड.’ हा क्रम चुकला, म्हणजे निप्पल उघडं असताना पाय सोडला, की हवा परत आत. बुडबुडे थांबेपर्यंत चालू ठेवायचं आणि वरची टाकी एकदाही रिकामी होऊ द्यायची नाही. झाली तर पहिल्यापासून सुरुवात. जुन्या गाडीत पेडल दर वेळी तळापर्यंत दाबू नये. मास्टर सिलिंडरचा जो भाग वर्षानुवर्षं वापरात नसतो तिथे खरखर साठलेली असते, तिने सील कापलं जातं. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला की काम भागतं. कोणतं चाक आधी घ्यायचं ते गाडीच्या पुस्तकात असतं. पूर्वी सगळ्यात लांबचं चाक आधी घेत, आता सगळ्या गाड्यांना ते लागू नाही. एबीएसच्या आत हवा शिरली असेल तर काही गाड्यांत स्कॅनर लावूनच ती निघते. बाटलीत आलेलं ऑइल परत टाकीत ओतायचं नाही, कितीही स्वच्छ दिसलं तरी.

मग हे स्वतः करावं का?

तपासणी जरूर करावी. बदलण्याचं काम, फ्लेअरचं हत्यार आणि ते वापरायची सवय नसेल तर, जाणत्या माणसाकडे द्यावं. पहिला फ्लेअर वाकडा येतो, दुसरा थोडा कमी वाकडा, आणि शिकण्यासाठी ब्रेक ही जागा नव्हे. टाकाऊ पाईपावर हात बसवावा. पण काम दुसऱ्याने केलं तरी जुना पाईप मागून घ्या आणि गंजलेली जागा स्वतः बघा.

काम झाल्यावर इंजिन सुरू ठेवून पेडल जोरात अर्धा मिनिट दाबून धरायचं. ते खाली सरकता कामा नये. दुसऱ्याने त्याच वेळी टॉर्च घेऊन प्रत्येक नवा जोड बघायचा. पहिली फेरी रिकाम्या जागी, चालण्याच्या वेगाने. मग दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी हलवण्याआधी, प्रत्येक जोडाला कोरडा पांढरा टिश्यू पेपर टेकवून पाहायचा. माझ्या गाडीच्या मागच्या उजव्या जोडाने त्या टिश्यूवर ज्वारीच्या दाण्याएवढा पिवळसर डाग पाडला होता. मेकॅनिकने जोड सोडला, तोंडाची कड एका बाजूला चिमूटभर जास्त मुडपलेली होती. त्याने तेवढं टोक कापून नवा फ्लेअर केला आणि पुन्हा हवा काढली. पुढच्या सकाळी टिश्यू कोरडा होता.